ओल्या रानात शिकारी जातीचा कुत्रा: ठाणे-नवी मुंबईतल्या नवख्यांसाठी

मुरबाडकडच्या एका शेतावर जुलैच्या सकाळी आमची भुरी माग काढत चालली होती. भुरी लॅब्रॅडॉर, तेव्हा दोन वर्षांची. मीच आदल्या तासाभरात चालून ठेवलेली वाट होती ती, त्यामुळे ती कुठून कुठे जाते हे मला पक्कं ठाऊक होतं. बांधापाशी आल्यावर भुरी सरळ न जाता उताराच्या बाजूला वळली. मला वाटलं, चुकली. मी दोरी ओढून तिला परत ‘बरोबर’ वाटेवर आणलं. खरं तर तीच बरोबर होती. मधे पडलेल्या सरीने माझा वास उताराने खाली वाहून बांधाच्या पायथ्याच्या गवतात साठवला होता आणि ती त्या वासामागे निघाली होती. त्यानंतर दोन आठवडे ती प्रत्येक बांधापाशी थांबून माझ्या तोंडाकडे बघायची. नाकावरचा तिचा विश्वास मी एका हिसक्याने कमी केला होता.

म्हणून सुरुवातीलाच सांगते. ओल्या जमिनीवर वासाचं काम कुत्र्याचं. जमीन, पाणी, पाय आणि वेळ सांभाळणं तुमचं. नवखी माणसं हे उलटं करतात. नाकाच्या कामात ढवळाढवळ करतात आणि कुत्रा कुठल्या चिखलात पाय घालतोय याकडे बघत नाहीत.

काम म्हणजे काय, आणि काय नाही

शिकार करायची नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२चा आहे आणि त्यातल्या शिकारीच्या व्याख्येत फक्त मारणं नाही, वन्य प्राण्याचा पाठलाग करवणं, हाकणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं. ‘गंमत म्हणून सशामागे सोडला’ हेसुद्धा त्यात बसतं. मग या कुत्र्यांनी करायचं काय? माग काढणं, लपवलेली वस्तू हुडकणं, पाण्यातून डमी, म्हणजे आपणच फेकलेली तरंगती वस्तू, आणणं. लॅब्रॅडॉर, बीगल, स्पॅनियल, आपला कारवान, सगळ्यांच्या रक्तात पिढ्यान्‌पिढ्या काम आहे. सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते काम मिळालं नाही की सोफा फाटतो, नाहीतर कुत्रा सुस्तावतो.

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथे कुत्रा न्यायचा नाही. कायद्याचा मान एक, आणि दुसरं म्हणजे तिथे बिबटे आहेत. बिबट्याला कुत्रा हे ओळखीचं भक्ष्य आहे. घोडबंदर रोडच्या डोंगराकडच्या बाजूला राहत असाल तर पहाटे अंधारात आणि तिन्हीसांजेला झाडीलगत कुत्रा मोकळा सोडू नका. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालेला भाग (२०१५ साली झाला, २०२२ साली रामसर यादीतही आला) आणि कर्नाळा यांनाही हेच लागू.

मे महिन्यातच करायची तयारी

पाऊस सुरू झाल्यावर लशीची आठवण होणं म्हणजे उशीर. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात आणि ओल्या मातीत येतात, कातडीवरच्या बारीक जखमेतून किंवा डोळ्या-तोंडाच्या ओल्या आवरणातून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत माणसांमध्ये याची जी साथ आली ती या भागातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. कुत्र्यासाठी लस आहे. पहिल्यांदा देताना तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस आणि मग दरवर्षी एक. दुसऱ्या डोसनंतरही प्रतिकारशक्ती तयार व्हायला थोडे दिवस जातात, म्हणून मे. लस सगळ्या प्रकारांपासून वाचवत नाही, तेव्हा लस दिली म्हणून गटाराचं पाणी चालेल असं नाही. आणि हा रोग तुम्हालाही होतो. पायाला जखम असेल तर त्या दिवशी शेतात उतरू नका. गमबूट घाला.

गोचिडांचं औषधही डॉक्टरांना विचारून मे-जूनमध्येच सुरू करा. पावसाळ्यात गोचीड गवताच्या टोकावर वाट बघत असतो.

वय बघा. वर्षाच्या आतल्या लॅब्रॅडॉरच्या पिल्लाला खोल चिखलात राबवायचं नाही, हाडं-सांधे अजून पक्के झालेले नसतात. त्याला ओल्या गवतावरची पाच मिनिटांची वाट पुरे.

नखं कापलेली हवीत. विशेषतः पुढच्या पायाच्या आतल्या बाजूची अंगठ्याची नखी. ती चिखलात अडकून मुळातून फाटते. आमच्या बाजीची, म्हणजे कारवानची, तशीच फाटली. नवी मुंबईतल्या एका मोकळ्या प्लॉटवर, वरून हिरवंगार गवत, खाली भरावाची भुसभुशीत माती. त्याने वेग घेतला, वळला आणि किंचाळला. सहा आठवडे पट्टी होती. प्लॉट पायाखालून न बघता मी त्याला सोडलं होतं, हे मी अजून विसरले नाही.

सामान

फार लागत नाही. छातीवर वाय आकाराचा पट्टा येणारा हार्नेस घ्या, गळपट्टा मागासाठी नको. दोरी दहा मीटर. सुती दोरी भिजली की जड होते आणि कुत्र्याच्या मागे चिखलाचा गोळा ओढत जाते. नायलॉनची हात कापते. प्लास्टिकचा लेप दिलेली पट्टी मिळते ती सगळ्यात बरी, एका फटक्यात पुसून होते. तुमच्या हातात छातीपर्यंत येणारी काठी. दोन बाटल्या स्वच्छ पाणी प्यायला आणि पाच लिटरचा कॅन पाय धुवायला. जुने टॉवेल. थर्मामीटर. कापूस, बँडेज, चिमटा.

खाऊ म्हणून बिस्किटं नेऊ नका. ओल्या मातीत ती विरघळतात, मग कुत्रा बिस्किटासकट माती चाटतो आणि रात्री पोट बिघडतं. कोरडी भाजलेली कलेजी, चण्याएवढे तुकडे. पाण्यात पडली तरी टिकते आणि वास सोडते.

जमीन वाचायला शिका

हा भाग मी लांबवणार आहे, कारण बहुतेक अपघात इथे होतात.

ठाण्याच्या आसपास तुम्हाला चार-पाच प्रकारची जमीन भेटेल. सुरुवात करायला उत्तम ती वरकस जमीन. डोंगरउताराची, मुरमाड, जिथे पूर्वी नाचणी-वरी करायचे. पाऊस थांबून अर्धा तास झाला की पाणी निचरून जातं, पाय रुतत नाही, गवत गुडघ्याच्या खाली असतं. मुरबाड, शहापूर, बदलापूरकडे अशा जागा खूप आहेत, पण प्रत्येक जागेला मालक आहे. विचारल्याशिवाय उतरू नका. आम्हाला ज्यांनी जागा दिली त्या दादांची एकच अट होती: “ताई, कुत्रा बांधावर उकरायला लागला तर लगेच उचला.” भातखाचरांच्या बांधात खेकड्यांची बिळं असतात. कुत्र्याला खेकड्याचा वास आला की तो बांध उकरतो, एका जागी फुटलेल्या बांधातून अख्ख्या खाचराचं पाणी निघून जातं. शिवाय त्याच बिळात साप असू शकतो. आवणी (भाताची लावणी) झालेल्या खाचरात तर पाऊलसुद्धा टाकायचं नाही. ते कुणाचं तरी वर्षाचं पोट आहे.

कातळ दिसायला सुरक्षित वाटतो, पण जुलैत त्यावर शेवाळ असतं. कुत्रा घसरताना चारही पाय फाकवतो आणि मागच्या गुडघ्याचे बंध ताणले जातात. कातळावर फक्त चालायचं, दोरी आखूड धरून.

शहरातले मोकळे प्लॉट मला आवडत नाहीत. भराव, फुटक्या बाटल्या, सळया, आणि वर टाकळ्याचं रान माजलेलं. ओल्याने कुत्र्याच्या पायाच्या गाद्या मऊ पडतात, उन्हाळ्यात ज्या काचेने ओरखडा आला नसता ती पावसाळ्यात आरपार कापते. दुसरी जागा नसेलच तर आधी स्वतः काठी घेऊन सगळा फिरा. पाणी साचलेल्या रस्त्यावर विजेच्या खांबाजवळून कुत्र्याला नेऊ नका. ओल्या पायांतून धक्का बसून दरवर्षी जनावरं मरतात.

आणि खाडीकाठ. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं आणि शहरांचं सांडपाणी या खाडीत येतं, त्यामुळे पाण्याचं काम इथे नाहीच. पण काठाने फिरायला जाणारे पुष्कळ आहेत, म्हणून भरतीचं गणित शिकून घ्या. कोकणातले जुने लोक तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दिवसा आणि रात्री तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास, आणि त्याच दिवसांत उधाण. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. हे मुंबईच्या किनाऱ्याचं, खाडीत ठाण्याकडे येईपर्यंत पाणी थोडं मागे पडतं. ओहोटीला उघडा पडलेला गाळ वरून साय धरल्यासारखा घट्ट दिसतो आणि कुत्रा त्यावर बिनधास्त उतरतो. पोटापर्यंत रुतायला चार उड्या पुरतात. कुत्रा रुतलाच तर गळपट्ट्याने ओढू नका, श्वास कोंडतो. त्याला शांत बोलत ठेवा, फळी, गोणपाट, कारमधली मॅट जे मिळेल ते पसरून त्यावर आडवे होऊन हार्नेसला हात घाला. भरती जवळ असेल किंवा तुमचेच पाय रुतायला लागले तर थांबा आणि अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा. कांदळवनात शिरू नका, तिथल्या मुळ्यांच्या खुंट्या पायात घुसतात आणि ते वन संरक्षित आहे.

काठीची चाचणी साधी आहे. वजन टाकून काठी रोवा. चार बोटांहून जास्त आत गेली तर तिथे पळवायचं नाही. कुत्र्याच्या कोपरापर्यंत गेली तर तिथे कामच नाही.

पहिली वाट

सकाळी साडेसहा-सातची वेळ घ्या. रात्री पाऊस पडून गेलेला, तासभर उघडीप, वारा मंद. ओलसर जमीन आणि दमट हवा वास धरून ठेवते, दुपारचं ऊन तो उडवतं. अशी सकाळ मिळाली तर नवशिक्या कुत्र्याला काम सोपं जातं.

कुत्रा गाडीत ठेवा, सोबत माणूस आणि खिडक्या उघड्या. वरकस जमिनीवर एका जागी पाय आपटून एक पाऊल लांब-रुंद चौकोन तुडवा. चिरडलेलं गवत, हललेली माती आणि तुमचा वास, तिन्ही मिळून कुत्र्याला तिथे ‘इथून सुरू’ असं सांगतात. चौकोनात कलेजीचे पाच-सहा तुकडे टाका. तिथून चवड्याला टाच लावत पंधरा-वीस पावलं सरळ चाला आणि प्रत्येक पावलात एक तुकडा. पावलाच्या खळग्यात पाणी भरत असेल तर तुकडा टाचेच्या कडेवर ठेवा. शेवटी तुमचा वापरलेला मोजा आणि त्यावर मूठभर खाऊ. मग आल्या वाटेने परतू नका, बाजूने लांबून वळसा घ्या.

दहा मिनिटं थांबा. कुत्रा आणा, हार्नेस घाला, दोरी दोन मीटरवर धरा. चौकोनापाशी नाक खाली गेलं की एक शब्द द्या, आमच्याकडे ‘शोध’ आहे, आणि गप्प बसा. खरंच गप्प. शाबासकीसुद्धा मोज्यापाशी पोचल्यावर. कुत्रा डोकं वर करून इकडेतिकडे बघू लागला तर जागच्या जागी उभे राहा, दोरी ना ओढायची ना सैल सोडायची. नाक परत खाली गेलं की चालायचं.

एका सकाळी अशा दोनच वाटा. आठवड्यातून तीन दिवस. पंधरवड्याने पावलं शंभरावर न्या, खाऊ दर पावलाऐवजी दर पाच-सहा पावलांना, एक वळण, दोरी पाच मीटर. वाटेचं वय, म्हणजे ती चालून ठेवल्यापासून गेलेला वेळ, दहा मिनिटांवरून अर्ध्या तासावर. एका वेळी एकच गोष्ट अवघड करा. वळण वाढवलंत तर लांबी कमी.

त्यानंतर ओलं. आधी फूटभर रुंदीचा चर. वाट चरापलीकडे न्या आणि पलीकडच्या पहिल्याच पावलात मोठा तुकडा ठेवा. कुत्रा चरापाशी येऊन दोन्ही बाजूंना फिरेल. फिरू द्या. वास पाण्यावरून सरकतो, पलीकडच्या काठाच्या गवतात अडकतो, त्याला ते हुडकायला वेळ लागतो. पाच-सहा वेळा असं झालं की पाणी म्हणजे वाट संपली नाही, हे त्याला कळतं.

रिमझिम पावसाने माग पुसत नाही. मुसळधार सरीने तो उताराच्या बाजूला सरकतो आणि सखल जागी, गवताच्या बुंध्यात, बांधाच्या पायथ्याला साठतो. म्हणून कुत्रा तुमच्या वाटेच्या दोन-तीन मीटर खालून समांतर चालला तर तो कामच करतोय. भुरीच्या बाबतीत मी जे केलं ते करू नका.

पाण्यातून आणणं

लॅब्रॅडॉर मूळचा न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांच्या पाणकुत्र्यांपासून आलेला. बोटांमध्ये पडदा, सुकाणूसारखी जाड शेपटी, आत दाट लोकर. त्याला पाण्याची ओढ असतेच, म्हणून त्याला ढकलण्याची कधीच गरज नाही. ढकललेला कुत्रा पाण्याला कायमचा भितो.

जुन्या जीन्सच्या पायात रिकामी बाटली बुच घट्ट लावून शिवून टाका, तरंगणारी डमी तयार. शेततळं नको, प्लास्टिकच्या कागदामुळे त्याच्या काठावरून कुत्र्याला वर येता येत नाही आणि तो दमून बुडतो. तळ दिसणारं, संथ, हळूहळू खोल होणारं पाणी शोधा. आधी काठावर, मग घोट्याभर, मग कोपरापर्यंत. पोहणं त्यानंतर. पाणी लाल-तपकिरी झालं, काटक्या वाहत आल्या, तर वर डोंगरात जोराचा पाऊस आहे असं समजा आणि लगेच बाहेर या. खारघरच्या पांडवकड्यासारख्या धबधब्यांवर पावसाळ्यात बंदी घालतात ती उगाच नाही.

एका वेळी सात-आठ फेऱ्या पुरे. तोंडात डमी धरून पोहताना कुत्रा पाणी गिळत असतो. ते फार झालं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. झोकांड्या, उलटी, डोळे तारवटणं दिसलं तर सरळ डॉक्टर. गार पाण्यात बराच वेळ पोहल्यावर दुसऱ्या दिवशी शेपटी लुळी लटकलेली दिसली तर घाबरू नका, स्नायू आखडलेला असतो. विश्रांतीने चार-आठ दिवसांत बरं होतं, तरी डॉक्टरांना दाखवून घ्या.

कारवानवाल्यांना वेगळं सांगते. हा नजरेने शिकार धरणारा, कोरड्या दख्खनच्या मोकळ्या रानात धावण्यासाठी घडलेला कुत्रा. अंगावर चरबी नाही, कातडी पातळ, पाय लांब. ओल्या मैदानात त्याला वेगाने मोकळं सोडू नका. पावसाळाभर त्याला दोरीवर चालवा, छोटे माग द्या. पळणं दसऱ्यानंतर.

पाऊस आहे म्हणजे गार आहे, असं नाही

कुत्रा जिभेवाटे उष्णता बाहेर टाकतो आणि आपल्याकडच्या जुलैच्या दमट हवेत ते नीट होत नाही. त्यात चिखलात चालायला कोरड्या जमिनीपेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते. दहा मिनिटं काम, दहा मिनिटं विश्रांती. जीभ चपटी रुंद होऊन बाहेर लोंबली, हिरड्या गडद लाल दिसल्या, मागचे पाय डुलू लागले की काम बंद. सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओतत राहा, वारा घाला. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०५च्या पुढे गेलं तर पाणी ओतत ओततच दवाखाना गाठा.

साप चावल्याची शंका आली तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं काही करू नका. उचलून न्या, चालवू नका. प्रतिविष ठेवणारा दवाखाना कुठला हे पावसाआधीच फोन करून विचारून ठेवा. खरखरीत अंगाचा मोठा बेडूक तोंडात धरला आणि फेस आला तर मान खाली करून बाजूने पाण्याची धार सोडत तोंड धुवा, पाणी घशात जाऊ देऊ नका, आणि डॉक्टरांना फोन करा.

परतल्यावर

पाय गाडीत बसण्याआधीच बघा, घरी गेल्यावर नाही. कॅनच्या पाण्याने धुवा, बोटांच्या मधे बोट घालून काटा, काच, गोचीड चाचपा. सोसायटीत पोचल्यावर लिफ्ट चिखलाने भरवू नका. एका माखलेल्या कुत्र्यामुळे इमारतीतल्या सगळ्या कुत्र्यांना लिफ्ट बंद होऊ शकते.

ठाण्याच्या जुलैत आपोआप काही वाळत नाही. बोटांच्या मधे, काखेत, जांघेत टॉवेल दाबून पाणी टिपा, मग पंख्याखाली तासभर. लॅब्रॅडॉरचे आणि स्पॅनियलचे लोंबते कान उलटे करून कापसाने पुसा, काडी आत घालू नका. ओलं राहिलं तर दोन दिवसांत लाल, चिकट, वास मारणारा चट्टा येतो. जेवण परतल्यावर तासाभराने, थोडं थोडं करून. छाती खोल असलेल्या कुत्र्यांना दमल्यादमल्या भरपेट खाऊन पोट पिळण्याचा धोका असतो.

पुढचे दीड-दोन आठवडे लक्ष ठेवा. अन्नावरची इच्छा गेली, ताप, उलटी, डोळ्यांत पिवळेपणा, लघवी गडद, यातलं काहीही दिसलं तर ‘उद्या बघू’ नको. डॉक्टरांना सांगा की कुत्रा ओल्या रानात जाऊन आला आहे. भाद्रपदानंतर गवत वाळू लागलं की कुसळं बघावी लागतात, ती कानात आणि बोटांमधून मांसात शिरतात.

एक वही ठेवा. आमच्या वहीतली एक नोंद देते, अशीच लिहा: ‘वरकस. रात्री जोराचा पाऊस, पहाटे पाचला थांबला. वारा डोंगराकडून. वाट ऐंशी पावलं, एक वळण, वय वीस मिनिटं. भुरी बांधापाशी खाली वळली, चार मीटर उताराने गेली, परत वर आली, मोजा सापडला. दोरी ओढली नाही. डाव्या पुढच्या पायात बारीक काटा, काढला.’